उत्तम भाकरी कोणत्या मुलखाची?

निरनिराळ्या जिल्ह्यांतील चार मराठी माणसे एका पंक्तीस बसली आणि पानात भाकरी पडली, की संभाषण कोणत्या वळणावर जाणार हे सांगावयास ज्योतिषी नको. परभणीचा गृहस्थ म्हणतो, गोदाकाठच्या काळ्या रानातील रब्बीची ज्वारी ज्याने खाल्ली नाही त्याने भाकरी खाल्लीच नाही. सोलापूरकर मंगळवेढ्याच्या मालदांडीचे नाव काढतो. जालन्याचा मनुष्य दगडी ज्वारीचा कैवार घेतो. जळगावकडील पाहुणा दादरच्या भाकरीपुढे इतर सर्व भाकऱ्यांस दुय्यम ठरवितो. आणि नगरकडील गृहस्थास बाजरीवाचून हिवाळा ही कल्पनाच सहन होत नाही. कोकणातून आलेला मनुष्य तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र भाकरीची आठवण काढून मनात हसत असतो, ते निराळेच. वाद गोडीचा असतो, परंतु माघार कोणी घेत नाही.

हा केवळ जिभेचा हट्ट आहे, की त्याच्या मुळाशी काही तथ्य आहे? प्रश्न वरवर करमणुकीचा वाटतो. तथापि मराठवाड्याच्या शेतीचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास पाहिला, तर असे दिसून येते की भाकरीविषयीच्या याच अभिमानाने शेतात काय पेरावे, बाजारात कशास भाव यावा आणि शास्त्रज्ञांनी कोणते वाण सिद्ध करावे या गोष्टींवर आपला ठसा उमटविला आहे. म्हणून त्याचा थोडा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही.

असा अभिमान मराठी माणसासच आहे असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेत ‘बेगल’ नावाचे कड्याच्या आकाराचे एक पावासारखे खाद्य आहे. पोलंडमधील क्राकूव्ह शहराच्या यहुदी समाजाच्या १६१० सालच्या नियमांत त्याचा उल्लेख सापडतो, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्व युरोपातील यहुदी निर्वासितांबरोबर ते समुद्रापलीकडे गेले. कणकेचे कडे प्रथम उकळत्या पाण्यात सोडावयाचे आणि मग भट्टीत भाजावयाचे, ही त्याची मूळ रीत. न्यूयॉर्कचे बेगल मोठे, चिवट व खारट. कॅनडातील माँट्रिऑलचे बेगल लहान, मधाच्या पाण्यात उकडलेले व लाकडाच्या भट्टीत भाजलेले. या दोन शहरांत श्रेष्ठ कोणते, याविषयी पिढ्यान् पिढ्या वाद चालू आहे. न्यूयॉर्ककर आपल्या शहराच्या पाण्याचा दाखला देतात. आणि आपल्याकडेही ‘आमच्या पाण्याचाच गुण’ हे वाक्य किती वेळा ऐकावयास मिळते! पक्वान्नावरून माणसे असे भांडत नाहीत. भांडण होते ते रोजच्या भाकरीवरून. कारण रोजचा घास बाळपणीच जिभेस वळण लावतो, आणि पुढे आयुष्यभर मनुष्य त्याच मापाने इतरांचे अन्न मोजीत राहतो.

महाराष्ट्रातील भाकरीचे प्रांत कसे पडले, हे पाहावयाचे झाल्यास प्रथम पावसाकडे आणि जमिनीकडे पाहावे लागते. कोकणात पाऊस विपुल, म्हणून भात आणि तांदळाची भाकरी. सह्याद्रीच्या उतारावर वरकस जमिनी, तेथे नाचणी. घाटाच्या पूर्वेस पर्जन्यछायेतील हलक्या व मुरमाड रानात बाजरी. आणि त्याही पुढे, दख्खनच्या पठारावरील खोल काळ्या जमिनीत ज्वारी. परभणी जिल्हा या शेवटच्या पट्ट्यात येतो. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांतील त्याची काळी माती पाणी धरून ठेवण्यात प्रसिद्ध आहे. तेव्हा अमुक भाकरी आपली, असे जे मनुष्यास वाटते ते मूळात त्याच्या निवडीचे फळ नव्हे. निवड मातीने व मेघांनी आधीच करून ठेविली. जिभेने तिला मागाहून संमती दिली.

ज्वारी हे धान्यही मूळचे येथील नव्हे. तिचे मूळ स्थान आफ्रिका. पूर्व सुदानमध्ये उत्खननात सापडलेल्या अवशेषांवरून ती सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी तेथे लागवडीस येऊ लागली होती असे दिसते, आणि तेथून समुद्रमार्गे ती हिंदुस्थानात आली. सुदानमध्ये आजही ज्वारीचे पीठ आंबवून ‘किसरा’ नावाची पातळ पोळी करतात. धान्य एकच, परंतु तेथे त्याची आंबवलेली पोळी झाली आणि येथे बिनआंबवलेली, हाताने थापलेली भाकरी झाली. ही भाकरी भाषेच्या सीमाही मानीत नाही. १९४८ सालापर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या एकाच संस्थानात मराठी माणूस जिला भाकरी म्हणे, तिला कानडी शेजारी जोळद रोट्टी म्हणे आणि तेलंगी शेजारी जोन्न रोट्टे. पदार्थाचा देह एक. जाडी, आकार आणि मऊपणा मात्र प्रत्येकाचा निराळा.

आता ज्वारीतही सर्व ज्वारी सारखी नाही, हे परभणीच्या मोंढ्यात उभ्या असलेल्या कोणत्याही आडत्यास ठाऊक असते. पिके दोन. खरिपाची ज्वारी मृगाच्या पावसावर पेरतात व दिवाळीच्या मागेपुढे ती हाती येते. रब्बीची ज्वारी पाऊस ओसरू लागल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. तिला पुढे पावसाचा आधार जवळजवळ नसतो. काळ्या मातीने पोटात साठवून ठेवलेल्या ओलीवर आणि हिवाळ्यातील थंडीवर ती वाढते, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीस येते. दाणा भरण्याच्या वेळी आभाळ निरभ्र असते. कणसावर पाणी पडत नाही, म्हणून बुरशी धरत नाही. आणि दाणा मोत्यासारखा पांढरा, टपोरा व चकचकीत राहतो. हीच शाळू, हीच भाकरीची ज्वारी. दाणे कोवळे असताना हिचाच हुरडा होतो. उलट खरिपाची ज्वारी पिकण्याच्या सुमारास पाऊस लांबला, तर दाणा काळा पडतो व भाकरीस एक प्रकारचा कुबट वास येतो. तेव्हा परभणीकराने रब्बीच्या ज्वारीची केलेली स्तुती निराधार नाही. तिला हवामानाचा आधार आहे.

धान्य चांगले मिळाले म्हणजे भाकरी चांगली झाली, असेही नाही. गव्हाच्या कणकेत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. ते कणकेस चिवट करते, आणि म्हणून पोळी लाटता येते. ज्वारीत ते नाही. ज्वारीचे पीठ थंड पाण्यात भिजविले तर ते लाटण्याखाली फाटते. यावर आपल्या गृहिणींनी फार पूर्वी तोड शोधून काढली, ती म्हणजे गरम पाणी. कढत पाण्याने पिठातील काही पिष्ट शिजून चिकट होते, आणि तोच चिकटपणा पिठाचे कण एकमेकांस धरून ठेवतो. घरगुती भाषेत याला पिठाची ‘विरी’ म्हणतात. दळण जुने झाले की विरी जाते. भाकरी थापताना तिच्या कडा चिरतात, आणि उचलताना ती मोडते. म्हणून चार-सहा दिवसांपुरतेच दळण आणावे, हा जुन्या घरांतील दंडक होता. बाजरीच्या पिठास तर तो अधिकच लागू. कारण बाजरीच्या दाण्यात स्निग्धांश अधिक, आणि दळल्यावर तो लवकर बिघडून पीठ कडू होते.

पुढची सारी क्रिया हाताची. काटवटीत किंवा परातीत पीठ घेऊन ते तळहाताच्या मुळाने रगडून मळावयाचे. जितके मळावे तितके ते एकजीव होते. मग गोळा पिठीवर ठेवून, बोटांनी फिरवीत फिरवीत थापावयाचा. कड आणि मध्य सारखे आले पाहिजेत. थापलेली भाकरी दोन्ही हातांवर उचलून, पिठीची बाजू वर करून तव्यावर टाकावयाची, आणि लगेच तिच्या पाठीवरून पाण्याचा हात फिरवावयाचा. या पाण्याचा हेतू केवळ पिठी पुसणे हा नव्हे. त्या ओलाव्याने वरच्या थरातील पिष्ट शिजते व त्याचा एक अखंड पापुद्रा तयार होतो. पाणी सुकू लागताच भाकरी उलटावयाची, आणि शेवटी निखाऱ्यांसमोर किंवा जाळावर धरावयाची. आतील पाण्याची वाफ होते, पापुद्रा तिला बाहेर जाऊ देत नाही, आणि भाकरी टम्म फुगते. पापुद्र्यास कोठे बारीक चीर राहिली असेल, तर वाफ तेथून निसटते व भाकरी फुगत नाही. फुगलेली भाकरी म्हणजे मळण्यात, थापण्यात आणि पाणी फिरविण्यात कोठेही चूक झाली नाही याचे प्रमाणपत्रच होय.

मग उत्तम भाकरीची परीक्षा कोणती? येथे प्रांताप्रांतांचे निकष वेगळे होतात, आणि वादाचे खरे मूळ येथेच आहे. मराठवाड्यात भाकरी सकाळी होते आणि दुपारी शेतात जाते. म्हणून तिने फडक्यात बांधलेल्या अवस्थेतही मऊ राहिले पाहिजे; कोर मोडली असता ती तुटावी, पण भुगा होऊ नये. सोलापूरकडे याच्या अगदी उलट कडक भाकरीची आवड. ती पातळ थापून अशी वाळवितात की दिवसेंदिवस टिकते आणि पापडासारखी वाजते. प्रवासास निघालेल्या माणसास यापरते सोयीचे दुसरे अन्न कोणते? खानदेशात ज्वारीबरोबर उडीद दळून कळण्याची भाकरी करतात, आणि वांग्याच्या भरिताबरोबर ती खातात. तेथे ज्वारीच्या गोडव्यापेक्षा उडदाचा खमंगपणा महत्त्वाचा. मऊपणा मागणारा, टिकाऊपणा मागणारा आणि खमंगपणा मागणारा असे हे तीन परीक्षक. एकाच भाकरीस तिघांनी पहिला क्रमांक द्यावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. प्रत्येकाची उत्तम भाकरी त्याच्या गरजेतून घडली आहे.

तथापि एक परीक्षा अशी झाली, की जिच्यात सर्व प्रांतांचे एकमत पडले. १९६४ साली ‘सीएसएच-१’ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण देशात प्रसृत झाला. त्याचे उत्पन्न देशी वाणांहून कितीतरी अधिक होते. अन्नधान्याच्या टंचाईच्या त्या काळात ही मोठीच गोष्ट होती, आणि तिचे मोल कमी लेखणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु भाकरी खाणाऱ्यांनी नाक मुरडले. त्याचे एक कारण असे, की खरिपाचे जुने देशी वाण उंच वाढत आणि दिवस लहान होऊ लागल्यावर, पाऊस उघडल्यानंतरच पिकत. नवे ठेंगणे वाण लवकर तयार होत. त्यामुळे त्यांचा दाणा भर पावसात सापडे आणि काळा पडे. जे गुणवान पीक शास्त्रज्ञाच्या तराजूत उतरले होते, ते गृहिणीच्या परातीत उतरेना. पुढे १९७२ च्या भीषण दुष्काळात परदेशातून आलेली लाल ‘मिलो’ ज्वारी लोकांनी खाल्ली. तिने माणसे जगविली. परंतु त्या लाल भाकरीची आठवण वृद्ध माणसे आजही तोंड वाकडे करूनच सांगतात. मोंढ्यात ‘हायब्रीड’ हा शब्द ज्वारीची एक वेगळी, कमी भावाची प्रत दाखविण्यासाठी रूढ झाला. एका शास्त्रीय संज्ञेस लोकांनी आपल्या जिभेच्या बळावर असा निराळाच अर्थ दिला.

लोकांच्या या निकालाकडे शास्त्रज्ञांनी दुर्लक्ष केले नाही, ही त्यांच्याविषयी सांगण्यासारखी गोष्ट आहे. १९७२ साली हैदराबादजवळ पाटणचेरू येथे कोरडवाहू पिकांच्या संशोधनासाठी ‘इक्रिसॅट’ ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तेथे शेकडो वाणांच्या पिठाच्या भाकऱ्या करवून त्यांचा रंग, पोत, चव, वास आणि टिकाऊपणा यांची पद्धतशीर पारख करण्यात आली. आणि १९८१ साली ज्वारीच्या दाण्याची प्रत या एकाच विषयावर तेथे आंतरराष्ट्रीय परिषदही भरली. या परीक्षांत माप म्हणून जो वाण वापरला जाई तो ‘एम ३५-१’, म्हणजेच आपली मालदांडी. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे १९३० नंतरच्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवड करून तो सिद्ध करण्यात आला होता. किती नवे वाण आले आणि गेले. परंतु रब्बीच्या रानातून मालदांडीस कोणी सहजासहजी हलवू शकले नाही. तिचे उत्पन्न बेताचे, हे खरे. पण तिची भाकरी उत्तम व तिचा कडबा गुरांस गोड लागणारा. आणि कोरडवाहू शेतकऱ्यास दाण्याइतकीच वैरणीची चिंता असते. खाणाऱ्यांचा हट्ट नसता, तर हा वाण कदाचित एखाद्या संग्रहालयात बियाण्याच्या बाटलीपुरता उरला असता.

परभणी येथे १८ मे १९७२ रोजी कृषी विद्यापीठ स्थापन झाले. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ हे त्याचे आजचे नाव. तेथील ज्वार संशोधन केंद्राने जे वाण दिले, त्यांच्या नावांवरूनच परीक्षा कशी बदलली हे ध्यानात येते. ‘परभणी मोती’ आणि त्यानंतरचा ‘परभणी सुपर मोती’ हे रब्बीचे वाण. मोती हा शब्द उत्पन्नाचा आकडा सांगत नाही, दाण्याचे रूप सांगतो. गृहिणी ओंजळीत धान्य घेऊन जे पाहते, तेच आता वाणाच्या नावात आले. २०१८ साली इक्रिसॅटच्या सहकार्याने ‘परभणी शक्ती’ हा वाण प्रसृत झाला. सर्वसाधारण ज्वारीत किलोमागे लोह सुमारे ३० व जस्त सुमारे २० मिलिग्रॅम असते. या वाणात ते अनुक्रमे सुमारे ४५ व ३२ मिलिग्रॅम आहे. ज्या जिल्ह्यात दोन्ही वेळच्या जेवणाचा मुख्य आधार भाकरीच आहे, तेथील स्त्रियांच्या व मुलांच्या रक्तक्षयाचा विचार करता या आकड्यांचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

भाकरीचे गुणगान करताना एक सावधगिरीची सूचना याच प्रदेशातील संशोधनाने दिलेली आहे. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत १९६० च्या सुमारास डॉ. सी. गोपालन व त्यांचे सहकारी दख्खनमधील ज्वारी खाणाऱ्या गरीब लोकांत आढळणाऱ्या पेलाग्रा या रोगाचा अभ्यास करीत होते. ज्वारीतील ल्यूसीन या घटकाच्या आधिक्याशी त्यांनी त्याचा संबंध जोडला. त्या मीमांसेवर पुढे मतभेद झाले. परंतु नुसत्या ज्वारीवर दिवस काढणाऱ्यास हा रोग गाठतो, भाकरीच्या जोडीस वरण, पालेभाजी व ताक असणाऱ्यास सहसा गाठत नाही, हा अनुभव मात्र निर्विवाद होता. परभणीच्या पानात भाकरीशेजारी अंबाडीची भाजी, पिठले, करडईचे तेल घातलेली जवसाची किंवा शेंगदाण्याची चटणी असते, ती केवळ तोंडी लावण्यापुरती नसते. करडई तर ज्वारीच्याच रानात पाटे घालून पेरण्याची जुनी रीत. एकाच शेतातून आलेले धान्य आणि तेल एकाच पानात भेटावे, यात पूर्वजांचा व्यवहारही आहे आणि शहाणपणही.

प्रांताभिमानास अलीकडे कायद्याचेही पाठबळ लाभले आहे. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीस व २०२४ साली जालन्याच्या दगडी ज्वारीस भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे त्या त्या मुलखाबाहेरील धान्य त्या नावाने विकणे आता कायद्याविरुद्ध झाले. ज्या मंगळवेढ्यात संत दामाजींनी दुष्काळात बादशाही कोठारे रयतेस मोकळी केली अशी आख्यायिका आहे, त्या गावच्या धान्यास असा मान मिळावा हे योग्यच. परंतु मानांकन धान्याचे रक्षण करू शकते, भाकरीचे नाही. भाकरीचे अर्धे गुण शेतात येतात, आणि अर्धे परातीत.

आणि दोन्ही ठिकाणी आज ओढ लागली आहे. मराठवाड्यात खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीनने व कापसाने मोठ्या प्रमाणावर घेतली. रब्बीची ज्वारी काढण्यास मजूर मिळत नाहीत. राखण करावयास, पाखरे हाकलावयास माणूस नाही. शिधापत्रिकेवर गहू मिळू लागल्यापासून खेड्यांतही पोळी रोजची झाली. एके काळी पोळी सणाची व पाहुण्यांची, आणि भाकरी घरच्या माणसांची. आता उलट झाले आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. मधुमेह झालेल्या शहरवासीयास वैद्य भाकरी सुचवितात. आणि चांगल्या मालदांडीचा भाव अनेकदा गव्हाच्या वर जातो. म्हणजे भाकरीचा मान वाढला, आणि ती गरिबाच्या पानातून उठून श्रीमंताच्या पानाकडे निघाली. हा मान शेतकऱ्याच्या पदरात किती पडतो, यावर तिचे पुढील आयुष्य अवलंबून आहे.

दुसरी ओढ घरातील आहे, आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. परभणी जिल्ह्यातील गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. जनाबाईंच्या जात्यास प्रत्यक्ष विठ्ठलाने हात लावला अशी श्रद्धा आहे. या श्रद्धेत भक्ती आहे. पण दळणाचे कष्ट किती जड होते याची कबुलीही आहे. गिरण्या आल्या आणि ते कष्ट सरले. त्याबद्दल कोणत्याही स्त्रीने हळहळ व्यक्त केली नाही. थापण्याचे कष्ट मात्र राहिले. भाकरीचा गुण असा, की ती तव्यावरून थेट पानात पडली पाहिजे. म्हणून घरातील एक व्यक्ती चुलीपुढे किंवा शेगडीपुढे उभी असते, तेव्हाच बाकीच्यांस उत्तम भाकरी मिळते. आणि ती व्यक्ती स्वतः जेवावयास बसते तेव्हा तिच्या वाट्यास गार झालेली भाकरी येते. उत्तम भाकरी कोणत्या मुलखाची, हा वाद जे रंगवितात ते बहुधा गरम भाकरी खाणारे असतात. थापणारीचे मत क्वचितच कोणी विचारतो.

पुष्कळ घरांतील मुलींनी भाकरी शिकण्याचे नाकारले आहे, त्याचे एक कारण हे असावे. त्यांना दोष देऊन भाकरी वाचणार नाही. ज्या घरात मुलगे आणि वडीलधारे पुरुषही पीठ मळावयास, भाकरी थापावयास शिकतात, तेथे ती टिकते. हे शहरांतून थोड्या प्रमाणात दिसू लागले आहे. एकट्याने राहणारे तरुण गावाकडून दळण मागवून, पहिल्या आठवड्यात नकाशासारख्या आणि दुसऱ्या महिन्यात गोल भाकऱ्या करू लागतात. गावोगाव बायकांनी चालविलेली भाकरी केंद्रे निघाली आहेत. तेथे त्याच कामास निदान मोल मिळते.

तेव्हा उत्तम भाकरी कोणत्या मुलखाची, या प्रश्नास द्यावयाचे उत्तर असे की, धान्यापुरते पाहिले तर काळ्या जमिनीतील, पावसाचा थेंब न लागलेल्या रब्बीच्या ज्वारीस तोड नाही. आणि हा मान परभणी, जालना, बीड, धाराशिव, सोलापूर यांनी वाटून घ्यावा. परंतु त्या धान्याची भाकरी व्हावयास ताजे दळण, कढत पाणी आणि सरावलेला हात लागतो, आणि या तिन्ही गोष्टी कोणत्याही मुलखात मिळू शकतात. ज्यास आपल्या भाकरीचा खरा अभिमान असेल, त्याने शेतकऱ्याकडून ज्वारी योग्य भावाने घ्यावी, आणि आठवड्यातून निदान एकदा काटवटीपुढे स्वतः बसून घरच्या माणसांस, विशेषतः जी रोज शेवटी जेवते तिला, तव्यावरची पहिली भाकरी वाढावी. ती भाकरी कदाचित फुगणार नाही. परंतु इतर मुलखांच्या भाकरीस नावे ठेवण्याचा अधिकार तेथूनच सुरू होतो.